शहाण्यांचा सल्ला आणि लोकांचा कौल

वर्गाचा प्रतिनिधी मुलांनीं निवडावा कीं शिक्षकांनीं नेमावा, असें विद्यार्थी मला वारंवार विचारतात. त्या वेळीं मी त्यांस अमेरिकेंतील डेमोक्रॅटिक पक्षाची हकीकत सांगतों. सन १९६८ मध्यें शिकागो येथील अधिवेशनांत पक्षधुरीणांच्या बळावर ह्यूबर्ट हंफ्री हे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. मतदारांच्या प्राथमिक निवडणुकांत ते उतरलेच नव्हते. पक्षांत फूट पडली व हंफ्री हरले. पुढें निवड मतदारांच्या हातीं आली. परंतु १९७२ सालीं त्यांनीं निवडलेले जॉर्ज मॅकगव्हर्न ५० पैकीं ४९ राज्यांत पराभूत झाले. तेव्हां १९८४ पासून पुढाऱ्यांस पुन्हां स्वतंत्र मत मिळालें. अखेर २०१८ मध्यें असें ठरलें कीं, निकाल आधींच निश्चित नसेल तर पहिल्या फेरींत त्यांनीं मत देऊं नये.

तात्पर्य, चूक दोघांच्याही हातून होते. मात्र स्वतः केलेली चूक लोक भोगून सुधारतात. लादलेली चूक केवळ अविश्वास मागें ठेविते. म्हणून वर्गांत काय नि देशांत काय, वडीलधाऱ्यांनीं मोकळेपणानें सल्ला द्यावा, इतरांनीं तो आदरानें ऐकावा. परंतु शेवटचा शब्द मतदारांचाच असावा, असें माझें नम्र मत आहे.