दारावरचा गणपती

गेल्या हिवाळ्यात ऑफिसमध्ये मला एका क्लायंटसाठी लेख लिहायचा होता. विषय होता युरोपातल्या जुन्या महालांमध्ये दारांच्या वर लावलेली चित्रं. फ्रेंचमध्ये त्यांना ‘देस्यू द पोर्त’ म्हणतात, म्हणजे सरळ ‘दाराच्या वर’. बीएला इंग्रजी शिकले, पण हे कधी कानावर आलं नव्हतं.

वाचता वाचता मी शार्दँ या चित्रकारापाशी थांबले. पंधराव्या लुईच्या श्वाझीच्या महालासाठी त्याने दारांवर लावायला तीन चित्रं केली होती: कला, विज्ञान आणि संगीत यांची साधनं. साल १७६५. आज तो महाल नाही. विज्ञानाचं चित्र हरवलं, उरलेली दोन पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहेत. खालून मान वर करून बघायची म्हणून काढलेली चित्रं राहिली, दारं गेली. अशी कितीतरी चित्रं नंतर विकली गेली, त्यासाठी त्यांचे गोलाकार कोपरे कुणी कापले, कुणी जोडून चौकोनी केले.

“दाराच्या वरची जागा रिकामी सोडू नका,” असं मी लेखात लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. आमच्या फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये पंधरा दिवस नेमका याच जागेवरून वाद चालला होता.

वाईजवळचा आमचा वाडा विकला गेला. पाच चुलत घरांची वाटणी, त्यात जास्त काही सांगण्यासारखं नाही. आजीने एकच गोष्ट मागितली, पुढच्या दाराची गणेशपट्टी. चौकटीच्या वरच्या आडव्या सागवानी लाकडात मधोमध कोरलेला गणपती आणि दोन्ही बाजूंना पानाफुलांची वेल. पेशवे गणपतीचे भक्त, त्या काळच्या वाड्यांच्या दारांवर तो असायचाच. देवळांच्या दारावर याच जागी असलेल्या मूर्तीला ललाटबिंब म्हणतात. ललाट म्हणजे कपाळ. घराला कपाळ असतं, हे मला फार आवडलं.

पट्टी ट्रान्सपोर्टने आली. बाबा म्हणाले, हॉलमध्ये सोफ्याच्या मागे लावू, वर छोटा लाइट देऊ. मीही हो म्हटलं, फोटो छान आला असता.

“गणपती म्हणजे काय कॅलेंडर आहे?” आजी म्हणाली. “त्याच्याखालून आत यायचं असतं.”

पण येणार कसं? पट्टी चार फूट दोन इंच, आमचं बाहेरचं दार सव्वातीन फूट, एका बाजूला मीटरची पेटी, दुसरीकडे शेजाऱ्यांची भिंत. शेवटी बोलावलेल्या सुताराने टेप लावला आणि म्हणाला, “माताजी, दोनों तरफ़ से काट देता हूँ, गणेशजी को कुछ नहीं होगा.”

आजी काहीच बोलली नाही. उठून आपल्या खोलीत गेली.

त्या रात्री तिने मला सांगितलं. ती सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आली, गावातल्या बायकांपेक्षा उंच. दार ठेंगणं. माप ओलांडताना वाकायचं विसरली आणि कपाळ थेट पट्टीवर आपटलं. सगळे गप्प झाले, अपशकुन म्हणतील या भीतीने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा सासूबाई हसून म्हणाल्या, “गणपतीने ओळख करून घेतली हो!” साठ वर्षं ती त्या पट्टीखालून वाकून गेली. आणि मी त्यावर लाइट कुठला लावायचा ते बघत होते.

पुण्यात लहानपणी केळकर संग्रहालय पाहिलं होतं. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. तिथली कोरीव दारं त्यांच्यामुळेच वाचली, नाहीतर बंबात गेली असती. तरी त्या दारांमागे भिंत होती, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं.

शेवटी आईने मार्ग काढला. हॉलमधून आजीच्या खोलीत जाणाऱ्या दारावर साडेचार फूट भिंत मोकळी होती. दोन लोखंडी ब्रॅकेट ठोकले, पट्टी न कापता बसली. बाहेरचं दार उघडलं की गणपती समोरच दिसतो. समोरच्या हरियाणवी आंटी रोज दूध घेताना तिथूनच हात जोडतात.

हे दार उंच आहे, वाकावं लागत नाही. आजी मात्र आता पाठीतूनच वाकली आहे, तिला मान वर करता येत नाही. आत जाताना ती फक्त चौकटीला हात लावते.

क्लायंटने लेखातला शार्दँचा परिच्छेद काढून टाकला. महिन्यातून एकदा मी स्टुलावर चढून पट्टीला जवसाचं तेल लावते. आजी खाली खुर्चीत बसून, न बघताच सांगते, “सोंडेच्या खाली राहिलं बघ.”