दिसायला एक, निघाले दोन

कोलकात्याला जाणारे बहुतेक जण कालीघाट, व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा पूल बघतात आणि रसगुल्ल्यांचा डबा घेऊन परततात. आम्हीही तेच ठरवून गीतांजली एक्सप्रेसनं हावड्याला उतरलो होतो. पण सोबत साताऱ्याची वहिनी होती आणि तिच्या मनातून भुईमूग काही जात नव्हता. आधी फुलकिडे आले, मागोमाग शेंडेमर. दोनदा औषध फवारूनही पीक खुरटलंच.

पार्क स्ट्रीट मेट्रो स्टेशनजवळ १८१४ साली स्थापन झालेलं भारतीय संग्रहालय आहे. बंगाली माणसं त्याला ‘जादूघर’ म्हणतात. तिथं टाचणीला लावलेले कीटक बघताना वहिनीनं विचारलं, ‘‘यात आपला फुलकिडा कुठं असेल हो?’’

उत्तर दिलं जीवशास्त्र शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी. फुलकिडा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. त्याची जात ठरवायची तर सूक्ष्मदर्शकाखाली अंगावरचे केस आणि शृंगिकांचे सांधे मोजावे लागतात. हे काम याच शहरात चालतं. १९१६ साली सुरू झालेल्या झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय न्यू अलिपूरला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये फुलकिड्यांच्या ८९ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रूपावरून ओळखलेल्या या जातींची जनुकंही त्यांनी ताडून पाहिली. दुकानात मालावरचा बारकोड वाचतात ना, तसा एका ठरावीक जनुकाचा तुकडा वाचायचा!

७३ जातींच्या बाबतीत रूप आणि जनुक यांची साक्ष जुळली. १४ जातींत मात्र एकाच नावाखाली एकाहून अधिक गट निघाले. त्यात थ्रिप्स पाल्मीही होता. शेंडेमरचा विषाणू पसरवणारा तो हाच!

‘‘मग डोळ्यांनी बघायचंच कशाला? जनुकच वाचावं,’’ मी म्हटलं.

‘‘तसं नाही बाबा. चार जाती अशाही निघाल्या, की त्यांची नावं वेगळी, पण जनुकांत पुरेसा फरक सापडेना. शिवाय नमुना जपून ठेवलेला नसेल, तर ते जनुक कोणाचं हे उद्या सांगणार कोण?’’

जुळ्या भावंडांना परके लोक चेहऱ्यावरून ओळखायला चुकतात. आई चुकत नाही, कारण ती चेहऱ्याबरोबर आवाज आणि चालही जाणते. इथंही तसंच. आणि चूक महागात पडते. दिसायला सारख्या दोन किड्यांपैकी एक रोग जास्त पसरवणारा असू शकतो, तर दुसरा औषधाला दाद न देणारा.

वहिनी बराच वेळ गप्प होती. बाहेर पडताना म्हणाली, ‘‘आम्ही औषध कोणतं ते दुकानात विचारलं. किडा कोण ते कुणालाच विचारलं नाही.’’

पुढच्या हंगामात फवारणीआधी किडीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात दाखवायचा, असं तिनं तिथंच ठरवलं.

तुम्ही कोलकात्याला गेलात तर जादूघरासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. सोमवारी मात्र ते बंद असतं.