माजिवड्याची बांधकाम-परिषद

ठाणें स्थानकाच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा रस्त्यापासून घोडबंदरचा रस्ता जेथें फुटतो, तेथें माजिवडा आहे. एके काळचें हें गांव आज उत्तुंग इमारतींनीं वेढलेलें आहे. येथें घरबांधणीच्या व्यवसायांतील मंडळींची परिषद भरावी, हें उचितच. एका स्नेह्यासमवेत मीहि श्रोता म्हणून गेलों.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे, हें पूर्वीं वाचलें होतें. काँक्रीटचें शास्त्र मात्र येथेंच उमगलें. साध्या सिमेंटचें काँक्रीट निदान ७ दिवस ओलें राखावें लागतें. पाणी आधींच तुटलें तर सिमेंटची रासायनिक क्रिया अपुरी राहते व स्लॅब दुबळा होतो. २०१८ सालच्या ‘इको निवास संहिते’नें तर भिंती-खिडक्यांतून आंत शिरणाऱ्या उष्णतेलाहि मर्यादा घातली आहे.

परंतु ४ एप्रिल २०१३ रोजीं ठाण्याच्याच हद्दींत, शीळ येथें, बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जीव गेले. शास्त्र उपलब्ध होतें; तें त्या जागेवर पोंचलें नव्हतें. सभागृहांत अभियंते होते, वास्तुशिल्पी होते. गवंडी व स्लॅबवर पाणी मारणारा बिगारी मात्र दिसले नाहींत. शास्त्र अखेर त्यांच्याच हातून भिंतींत उतरावयाचें. पुढील परिषदेचें पहिलें आमंत्रण त्यांस जावें.