फैजपूर ते मोपा, व्हाया कुसुंबा

फैजपूरहून गोव्याला जायचं म्हटलं की आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर: आधी भुसावळ गाठा. तिथून निजामुद्दीनहून येणारी गोवा एक्स्प्रेस धरा, नाहीतर मंगला लक्षद्वीप. पहिली पुणे-मिरज-लोंढा करत उतरते, दुसरी कल्याण-पनवेलवरून कोकणात शिरते. कुठलीही घेतली तरी जवळजवळ अख्खा दिवस गाडीत जातो, आणि तोही आरक्षण मिळालं तर. धाकट्या बहिणीचं सासर म्हापशाला. तिचं डोहाळजेवण 2025च्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर ठरलं. आईचे गुडघे आता वरच्या बर्थचं तर सोडाच, फलाटावरच्या जिन्याचंही नाव काढू देत नाहीत. "जळगावहून थेट विमान आहे," असं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते बंद पडलं होतं ना?"

तिचं काही चुकलं नव्हतं. जळगावच्या विमानतळाची सगळी हकीकतच 'सुरू झालं' आणि 'बंद पडलं' या दोन शब्दांत मावते. कुसुंब्याजवळची ही धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने 1973 साली बांधली. पुढे ती बरीच वर्षं मंत्र्यासंत्र्यांच्या दौऱ्यांपुरती कामाला आली. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, माहेरच्या जिल्ह्याकडे लक्ष गेलं, आणि मार्च 2012 मध्ये त्यांच्याच हस्ते नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. इमारत झाली, खुर्च्या आल्या, पाट्या लागल्या. नियमित प्रवासी विमान मात्र पाच वर्षं उलटून गेल्यावर, डिसेंबर 2017 मध्ये आलं. 'उडान' योजनेतलं एअर डेक्कनचं मुंबईचं विमान, जेमतेम अठरा-एकोणीस जणांचं. ते काही महिन्यांत थांबलं. सप्टेंबर 2019 मध्ये ट्रूजेट आलं. अहमदाबादला, मुंबईला लोक जाऊ लागले, व्यापाऱ्यांना सवय लागली, तेवढ्यात कोरोना आला आणि त्यानंतर कंपनीच गुंडाळली गेली. मग 2024च्या एप्रिलमध्ये गोव्याच्या फ्लाय91ने गोवा-जळगाव-हैदराबाद जोडलं, पाठोपाठ पुणे जोडलं. जूनमध्ये अलायन्स एअरने मुंबई सुरू केली. आईला एवढं सगळं सांगितलं नाही. "आता सुरू आहे," एवढंच म्हणालो.

सकाळी गाडी ठरवली. फैजपूर ते भुसावळ हा रस्ता केळीचा. दोन्ही बाजूंना घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या बागा, अधूनमधून कापणी आटोपलेलं रान, आणि कडेला माल भरत उभे असलेले ट्रक. रावेर-यावलची केळी एकेकाळी सावद्याच्या स्टेशनावरून वॅगनी भरभरून दिल्लीला जात. आता ट्रकही आहेत आणि आखाती देशांकडे निघालेले वातानुकूलित कंटेनरही. विमानाशी केळीचा संबंध नाही, तो माणसांचाच. बामणोद आलं तसं आईने खिडकीतून वांग्याच्या वावरांकडे पाहून घेतलं. भरताची वांगी इथली, आणि जानेवारी हा त्यांचा भर मोसम. बहिणीसाठी चार वांगी घ्यावीत हा विचार तिने बोलून दाखवला. सामान आधीच जड झालंय म्हणून मी तो हाणून पाडला.

ड्रायव्हर न्हावी गावचा, बोलका. तापीचा पूल ओलांडताना त्याने विचारलं, "भाऊ, इमान रोज येते का पण?"

"गोव्याचं रोज नाही. ठरलेल्या वारी."

"मंग बाकीच्या वारी तिथले लोकं काय करता?"

प्रश्न थट्टेचा होता, पण बरोबर ठिकाणी लागला. बाकीच्या वेळी तिथे पोरं विमान चालवायला शिकतात, हे त्याचं उत्तर. 2021 साली विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक-प्रशिक्षण संस्थांसाठी देशातली जी मोजकी विमानतळं निवडली त्यांत जळगाव होतं. तसा खानदेश या बाबतीत मागे नाही. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरलाही प्रशिक्षणाची विमानं उडतात. वैमानिक घडवणारा मुलूख आम्ही, फक्त त्यांच्या विमानात बसायला आजवर इंदूर नाहीतर संभाजीनगर गाठत होतो.

नशिराबाद, मग जळगाव, अजिंठा चौफुलीवरून डावीकडे. एमआयडीसीतले चटईचे कारखाने, डाळमिल, आणि कुसुंब्याजवळ विमानतळाचं फाटक. आवारात शिरलं की पहिली जाणीव होते ती शांततेची. भुसावळच्या फलाटावर वाढलेल्या माणसाला ही शांतता संशयास्पद वाटते. दारावर तिकीट आणि आधार दाखवलं, आत गेलो. दिवाणखान्यासारखा आटोपशीर हॉल, एका नजरेत मावणारा. मोठ्या विमानतळावर वयस्कर माणसाचे हाल चालण्यात होतात. इथे दारापासून काउंटरपर्यंत आई काठीशिवाय गेली. स्वच्छतागृह जवळ, आणि खरोखर स्वच्छ. खाण्यापिण्याचं म्हणाल तर घरून जेवून निघावं. आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊनच निघालो होतो.

काउंटरवर खरी मजा झाली. वजनकाट्यावर बॅग ठेवली, पंधरा किलोच्या आत बसली, आई खूश. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काकू, बॅगेत सुकं खोबरं आहे का?"

आईच्या चेहऱ्यावर 'हिला कसं कळलं' असा भाव. डोहाळजेवणाला निघालेल्या बाईच्या बॅगेत दुसरं काय असणार? हळकुंडं, सुपाऱ्या, बदाम, खारका आणि खोबऱ्याच्या वाट्या. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेऊ शकतं, म्हणून 2022 पासून ते सामानात न्यायला बंदी आहे. मुलीने हे नीट समजावून सांगितलं. आपल्याकडच्या सुनेने सांगावं तसं, मराठीत, घाई न करता. बॅग उघडली गेली. ओटीच्या सामानाची पुरचुंडी काउंटरवर सुटली, वाट्या तेवढ्या बाजूला निघाल्या, आणि आईने त्या बाहेर थांबलेल्या ड्रायव्हरकडे पाठवून दिल्या. "फैजपूरले गेला की घरी देजो," म्हणून फोनही केला. लोणच्याची बरणी तेलकट म्हणून हातातल्या पिशवीतून मोठ्या बॅगेत गेली. मागे रांगेत दहाएक माणसं होती, कोणी हुं की चूं केलं नाही. त्यातल्या एका बाईंनी उलट आपल्या बॅगेतलं खोबरं काढायला घेतलं.

या विमानतळावर विमानाच्या दाराला जोडणारा पूल नाही, बस नाही. काचेचं दार उघडलं की चालत जायचं आणि एटीआर विमानाच्या शेपटाकडच्या दाराने चार पायऱ्या चढायच्या. सत्तरेक जणांचं विमान, दोन-दोन खुर्च्यांच्या रांगा, मोठाले पंखे. याहून मोठं विमान इथे सध्या उतरायचं नाही. धावपट्टी सुमारे 1,700 मीटरची, ती एअरबस-बोइंगला पुरत नाही. म्हणून लांबी वाढवण्याची मागणी दर निवडणुकीत होते. पण माझ्या मते या विमानाचा एक फायदा कोणी सांगत नाही. त्याचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खाली दिसायला आडकाठी नाही. उडाल्या उडाल्या वाघूर धरणाचं पाणी दिसलं, मग अजिंठ्याचे डोंगर. केळीचे हिरवे चौकोन संपले आणि मराठवाड्याचं भुरकं पठार लागलं. आई खिडकीला नाक लावून बसली होती. निम्म्या वाटेत तिने फक्त एक वाक्य उच्चारलं, "एवढ्यात तर भुसावळहून मनमाड नाही येत."

मोपा म्हणजे दुसरं टोक. मनोहर पर्रीकरांचं नाव दिलेला हा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला. सरकते जिने, झगमगती दुकानं, लांबच लांब चकचकीत फरशी. आईसाठी चाकाची खुर्ची मागवावी लागली. चहाची किंमत ऐकून तिने चहाची गरज नाही असं जाहीर केलं. कोलकात्याच्या विमानतळावर 2024च्या डिसेंबरात 'उडान यात्री कॅफे' उघडला, तिथे दहा रुपयांत चहा मिळतो, असं मी तिला सांगितलं. "मग पुढच्या खेपेला कोलकात्याला जाऊ," म्हणाली. बाहेर आलो, पेडण्यातून म्हापशाकडे गाडी निघाली. सकाळी फैजपूरहून निघालेले आम्ही दिवस मावळायच्या आत बहिणीच्या अंगणात होतो. ओटीला खोबरं तिच्या सासूबाईंनी दिलं. गोव्यात नारळाला तोटा नाही.

परतल्यावर गावात जो तो एकच विचारतो: "विमानतळ कसा आहे?" उत्तर सोपं आहे. इमारत पुरेशी आहे, माणसं चांगली आहेत. खुर्च्या, काच, कॅन्टीन यांवर आणखी खर्च केला नाही तरी चालेल. 2012 साली हे सगळं होतंच, नव्हतं ते विमान. 'उडान'मध्ये कंपनीला तोटा भरून देणारं सरकारी अनुदान तीन वर्षांचं असतं. ते संपल्यावरही विमान यायचं तर सीटा भरायला हव्यात. आणि वेळापत्रक टिकेल असा भरवसा असल्याशिवाय व्यापारी, विद्यार्थी, लेकीकडे निघालेली आई, कोणीच आधी तिकीट काढत नाही. एकदा दोनदा सेवा गुंडाळलेली पाहिलेला जिल्हा आहे हा. भरवसा कंपन्यांनी आणि सरकारने आधी द्यायचा, सीटा आम्ही भरू.

दुसरं, विमानाच्या वेळेला धरून भुसावळ स्टेशनहून कुसुंब्यापर्यंत एक एसटी सोडा. रावेर, यावल, मुक्ताईनगर, बोदवड अशा चार तालुक्यांची माणसं भुसावळला सहज येतात. फैजपूरहून खासगी गाडी ठरवायला जे पैसे गेले, त्यात रेल्वेने एका माणसाचा गोवा झाला असता. आणि जाणाऱ्यांना एवढंच: सुकं खोबरं घरी ठेवा, आणि तिकीट काढण्याआधी त्या वारी विमान आहे ना, ते एकदा पाहून घ्या.