ब्लास्टिंगची बंद पेटी

दाबाच्या हवेबरोबर बारीक, कठीण दाणे लोखंडावर सोडून त्यावरचा गंज, जुना रंग आणि पापुद्रे उडवायचे, ही ब्लास्टिंगची रीत. हे काम ज्या बंद कप्प्यात होते ती ब्लास्टिंगची पेटी. समोर आत बघायची काच, काचेखाली दोन गोल भोके, त्यांतून आत लोंबणारे कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि तळाशी निमुळता होत जाणारा हॉपर. माणूस बाहेर उभा राहतो, आत जातात ते फक्त हात. पेटी बाजारात तयार मिळते. मात्र पत्रा कापता येणारा आणि वेल्डिंगचा हात बसलेला कोणीही ती घरी करू शकतो. बेळगावच्या दक्षिणेला खानापूर आणि लोंड्याच्या मधल्या गुंजीसारख्या गावात तर तिची गरज जास्तच. घाटमाथ्याच्या या पट्ट्यात पावसाळाभर हवा ओली असते आणि उघड्या लोखंडाला तिथे आठवडाभरही सूट मिळत नाही.

या भागात वाढलेल्या कारागिराची गंजाशी ओळख वर्कशॉपच्या फार आधी झालेली असते. आगोट जवळ आली की विळे, कोयते, कुदळी माळ्यावरून खाली येतात. विटेची पूड, राख, रॉकेलचा बोळा घेऊन ते घासायचे काम घरातल्या पोरांकडे असते. हात मोठे होतात तसा पॉलिश पेपर येतो, मग वायर ब्रश, मग ग्राइंडरला लावायचा तारांचा चाक-ब्रश. यांतले प्रत्येक हत्यार आधीच्यापेक्षा जलद, पण सगळ्यांची अडचण एकच. गंज लोखंडाला खड्डे पाडत जातो आणि ब्रशची तार त्या खड्ड्यांच्या काठावरून घसरते. वरचा भाग चकाकतो, तळाशी काळा गंज तसाच राहतो. त्यावर रंग दिला की पुढच्या श्रावणात तिथेच फुगवटा येतो. ब्लास्टिंगचा दाणा खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचतो आणि वर लोखंडाला बारीक खरखर देऊन जातो, म्हणून प्रायमर घट्ट धरतो.

तरुणपणी कामाला लागताना या पट्ट्यातला माणूस बेळगावची वाट धरतो. लोखंडाच्या कामाशी या शहराचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलीचे दुकान 1888 मध्ये इथेच सुरू झाले. पुढे लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रे इथेच बनू लागली आणि 1910 मध्ये कारखाना औंध संस्थानातल्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीला, हलला. आज उद्यमबाग आणि मच्छे परिसरात फौंड्र्या आहेत, हायड्रॉलिकची कामे चालतात. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या अंगाला भाजलेली वाळू चिकटलेली असते. ती काढून कास्टिंग साफ करायचे काम म्हणजे फेटलिंग. ब्लास्टिंग पहिल्यांदा दिसते ते बहुधा तिथे, आणि त्याचा धोकाही तिथेच समजून घ्यावा लागतो.

फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिलमन यांनी 1870 मध्ये ब्लास्टिंगचे पेटंट घेतले, तेव्हा दाणे म्हणजे वाळूच होती. वाळू स्वस्त असते, ओढ्याकाठी हवी तेवढी मिळते आणि काम झटपट करते. पण वाळूतला गारगोटीचा कण लोखंडावर आपटला की फुटतो. त्यातले काही मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे तुकडे हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तिथे व्रण धरतात, फुप्फुस आखडत जाते. हा सिलिकोसिस. त्यावर औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. ब्रिटनने 1949 च्या नियमांनी ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरायला बंदी केली. भारताच्या 1948 च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला. घरच्या शेडमध्ये मात्र तपासायला कोणी येत नाही. तिथे जी काळजी घ्यायची ती पेटी करणाऱ्यानेच घ्यायची, आणि पेटीचे खरे मोल इथेच आहे. गंज उघड्यावरही उडतो. पेटी असते ती उडालेली धूळ माणसापासून लांब ठेवण्यासाठी.

म्हणून दाणे निवडताना वाळू पहिल्यांदा बाद. जाड गंजाला तपकिरी अॅल्युमिनियम ऑक्साइड, अॅल्युमिनियमच्या कार्ब्युरेटरला काचेचे मणी, मधल्या कामाला गार्नेट. फौंड्रीतून आलेले कच्चे कास्टिंग पेटीत घातले तर दाणे कितीही सुरक्षित असोत, कास्टिंगला चिकटलेली साच्याची वाळू उडणारच, हे फार जण विसरतात.

घरच्या कामाला सुमारे 90 सेंटिमीटर रुंद, 60 खोल आणि 60 उंच कप्पा पुरतो. अँगलचा सांगाडा, त्यावर 16 गेजचा पत्रा. सांधे टाके मारून सोडायचे नाहीत, आतून सलग सीलंट भरायचा. हॉपरच्या बाजू 45 अंशांपेक्षा उभ्या हव्यात. उतार कमी झाला तर दाणे कडेला बसून राहतात आणि मधेच पोकळी पडते. हातांची भोके कोपराच्या उंचीवर घ्यावीत. उंचीत चूक झाली तर अर्ध्या तासात खांदे भरून येतात. काचेवर आतून बदलता येणारी पारदर्शक फिल्म लावतात, कारण उसळलेले दाणे काच थोड्याच दिवसांत धुरकट करतात. दिवा पेटीच्या बाहेर, वरच्या काचेतून उजेड पाडणारा. नोझलपासून पेटीला आणि कामाच्या तुकड्याला अर्थिंगची तार जोडावी, नाहीतर कोरड्या दिवसांत स्थिर विजेचे चटके बसतात.

घरच्या पेटीला सक्शन गन बरी. तिच्यात हवेचा झोत दाण्यांच्या नळीत पोकळी करतो आणि दाणे वर ओढले जातात. दाण्यांच्या ढिगात घुसवलेल्या नळीला वरच्या अंगाला हवेसाठी एक छिद्र लागते. ते बुजले की नळी तुंबते, गन फुरफुरते आणि नवखा माणूस दोष कॉम्प्रेसरला देतो. प्रेशर पॉट, म्हणजे दाण्यांचे दाबाखालचे भांडे, जास्त जोर देतो, पण जुन्या गॅस सिलिंडरला वेल्डिंग करून तो घरी बनवणे हा जिवाशी खेळ आहे. दाब धरणारे भांडे घरी बनवू नये.

खर्च खरा लागतो तो हवेला. गनमधल्या हवेच्या 3 मिलिमीटरच्या जेटला 80 पीएसआयवर मिनिटाला 15 घनफुटांच्या वर हवा लागते आणि 2 एचपीचा कॉम्प्रेसर 7-8 घनफूटच देतो. मग थोडे मारायचे, टाकी भरायची वाट बघायची. एखाददुसऱ्या स्कूटरच्या भागांना एवढे चालते. सलग कामाला 5 एचपी आणि थ्री फेज जोडणी लागते.

जुलैमध्ये गुंजीच्या हवेत घनमीटरमागे वीस-बावीस ग्रॅम पाणी असते. 15 घनफुटांचा कॉम्प्रेसर 7 बारच्या दाबावर तासभर चालला की हवा निवल्यावर त्यातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी सुटते. ते दाण्यांत गेले की गोळे होतात. त्यासाठी टाकी आणि गनच्या मधे लांब, उताराची धातूची नळी आणि तिच्या शेवटी वॉटर सेपरेटर लावतात. टाकीचे पाणी रोज सोडतात. दाणे झाकणाच्या डब्यात ठेवून वापरण्याआधी चाळून घेतात.

धूळ ओढायचा पंखा किंवा व्हॅक्यूम क्लीनर हवाच. त्याच्याआधी सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून जड कण खाली पाडणारा डबा, लावला तर फिल्टर लवकर भरत नाही. हवा आत येण्याची वाट पंख्याच्या समोरच्या बाजूला, आडपडदा लावलेली. ओढ बरोबर असेल तर पंखा सुरू होताच रिकामे हातमोजे पेटीच्या आत फुगून ताठ होतात. ते लुळे राहिले तर कुठेतरी गळती आहे किंवा फिल्टर भरला आहे. झोत थांबल्यावर धूळ खाली बसून निघून जाईपर्यंत पंखा चालू ठेवावा, दार नंतर उघडावे. पेटी असली तरी चाळताना आणि हॉपर रिकामा करताना तोंडाला एन-95 मास्क लागतोच.

ब्लास्ट केलेले लोखंड राखाडी, एकसारखे मंद दिसते आणि अगदी उघडे असते. ओल्या हवेत काही तासांतच त्याला पिवळसर छटा येते. त्याला उघड्या हाताने शिवू नये, बोटाच्या घामाचा ठसा रंगाखालून वर येतो. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम टाळतात. या पट्ट्यात आषाढ-श्रावणातले बहुतेक दिवस तसेच. म्हणून मोठी कामे दिवाळीनंतर काढावीत आणि पावसात अडलेच तर सुटा भाग ब्लास्ट होताच कोमट करून लगेच प्रायमरखाली घ्यावा.

उरते ती हॉपरच्या तळाची भुकटी. तिच्यात गंज असतो, फुटलेले दाणे असतात आणि जुन्या यंत्रांच्या रंगातले शिसेही असू शकते. ती परड्यात, शेताच्या बांधावर किंवा ओढ्याकाठी ओतू नये. जाड पिशवीत बांधून कोरड्या जागी ठेवावी आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.