रात्रीचा फोन

अब्बांच्या इंतकालाची खबर रात्री दीड वाजता फोनवर आली. तेव्हापासून रात्री रिंग वाजली की छाती धडधडते, हात गार पडतात. ही भीती. पण नऊ वाजल्यापासूनच ‘आज वाजला तर?’ म्हणत मन कुरतडत राहतं, ती चिंता. तिला फोन वाजावाही लागत नाही.

मग मी झोपताना फोन सायलेंट करू लागलो. सुटल्यासारखं वाटायचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ओ. एच. माउरर यांनी १९४७ मध्ये हेच मांडलं होतं : टाळल्यावर मिळणारा दिलासाच टाळण्याची सवय पक्की करतो. भीती खोटी ठरायला संधीच उरत नाही.

परवा सकाळी पाहिलं, मिरजेहून अम्मीचे तीन मिस्ड कॉल. काळजात धस्स झालं. “झोप येत नव्हती बेटा, म्हणून लावला,” एवढंच म्हणाली.

आता रिंग चालू ठेवतो. धडधड अजून आहे.