दारू सुटतानाचं हसू

बहिणीच्या लग्नात ग्वेन कमिंग्ज नशेत नाचता नाचता केकवर कोसळते. आता नवा केक आणायला हवा, म्हणून ती नवरा-नवरीची लिमोझिन स्वतःच चालवत निघते आणि एका घरावर नेऊन आदळवते. सँड्रा बुलकची भूमिका असलेला ‘ट्वेंटी-एट डेज’ हा अमेरिकी चित्रपट २००० साली आला, त्याची सुरुवात अशी आहे. न्यायालय ग्वेनपुढे दोन पर्याय ठेवतं, तुरुंग किंवा २८ दिवस व्यसनमुक्ती केंद्र. ती केंद्र निवडते ते तुरुंग टळावा म्हणून. दारू सोडण्याचा विचार तिच्या मनातही नसतो.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशनाचं काम करणाऱ्या कुणालाही ही सुरुवात ओळखीची वाटेल. केंद्राच्या दारात स्वखुशीने येणारे थोडेच. कुणाला बायको घेऊन येते, कुणाला भाऊ, कुणाला नोकरी जाण्याची भीती. दिग्दर्शिका बेटी थॉमस आणि पटकथाकार सुझॅना ग्रँट यांनी हा विषय हसत-खेळत मांडला, तेव्हा जीवघेण्या आजाराची त्यांनी करमणूक केली, असा आक्षेप सहज घेता येतो. मला तो पटत नाही. दारूच्या आजारावर विनोद करता येतो. प्रश्न एवढाच, की त्यात हसतंय कोण आणि कशाला.

पडद्यावरच्या दारुड्याला हसण्याची आपल्याला जुनी सवय आहे. मुंबईत बस कंडक्टरची नोकरी करणाऱ्या बदरुद्दीन काझींनी दारुड्याची नक्कल करून गुरुदत्तला जिंकलं आणि ‘बाजी’तून (१९५१) जॉनी वॉकर पडद्यावर आला. नाव व्हिस्कीचं, पण माणूस दारूला न शिवणारा. पुढे केश्तो मुखर्जींनी तर दारुड्याच्या भूमिकांवरच कारकीर्द उभी केली. हॉलिवूडने ‘आर्थर’मध्ये (१९८१) डडली मूरला सतत झिंगलेला कोट्यधीश केलं. त्यातल्या बटलरच्या भूमिकेसाठी जॉन गिलगुड यांना ऑस्कर मिळालं. या सगळ्या विनोदातला दारुडा सकाळी कधी उठत नाही. त्याचे हात थरथरत नाहीत, त्याच्या घरात कुणी रडत नाही, त्याचं यकृत शाबूत असतं. आपण हसतो ते त्याच्या झोकांड्यांना.

दुसरं टोक शोकांतिकेचं. बिली वाइल्डरच्या ‘द लॉस्ट वीकेंड’ला (१९४५) सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाली. ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’मध्ये (१९६२) जॅक लेमन आणि ली रेमिक यांचा संसार बाटलीत बुडताना दिसतो. दोन्ही चित्रपट मोठेच आहेत. पण रोज पिणारा माणूस असं काही पाहिलं की हमखास म्हणतो, ‘माझं कुठे एवढं झालंय?’ पडद्यावरची भयंकर अवस्था त्याला आधार देते. तो तिथवर पोचलेला नसतो, म्हणून आपण ठीक आहोत असं स्वतःला समजावतो. आमच्या समुपदेशनाच्या कामात याला ‘नकार’ म्हणतात आणि सगळ्यात जास्त झुंजावं लागतं ते त्याच्याशीच.

‘ट्वेंटी-एट डेज’चा विनोद या नकारालाच हात घालतो. ग्वेन तरुण आहे, हुशार आहे, न्यूयॉर्कमध्ये लेखन करून पोट भरते. आपल्याला आजार आहे हे तिला मान्यच नाही. सेरेनिटी ग्लेन या केंद्रातल्या घोषणा, हातात हात धरून म्हणायची गाणी, ठरलेलं वेळापत्रक, सगळ्याची ती टर उडवते आणि सुरुवातीला प्रेक्षकही तिच्या बाजूने हसतो. मग प्रियकर जॅस्पर भेटायला येतो, ती त्याच्याबरोबर बाहेर पडते आणि पिऊन परत येते. आता तुरुंगात जायची वेळ आल्यावर ती रागाने आपल्या नशेच्या गोळ्या खिडकीबाहेर फेकून देते. थोड्याच वेळात त्याच गोळ्यांसाठी खिडकीतून उतरायला जाते, पडते आणि पाय जायबंदी करून घेते. प्रसंग विनोदी चित्रपटाला शोभेल असा आहे, पण शरीराला लागलेली ओढ आणि ‘मनात आणलं तर मी सहज सोडेन’ हा दावा एकमेकांवर कसे आदळतात, हे तासाभराच्या व्याख्यानापेक्षा तो नीट सांगतो. त्यानंतर तिच्या गळ्यात पाटी येते: मी मदत मागितली नाही तर मला हटका. पाटी घालून हिंडणारी ग्वेन हास्यास्पद दिसते. पण मदत मागणं तिला कधी जमलेलं नाही, हे पाहणाऱ्याला तेव्हाच कळतं.

केंद्रातला समुपदेशक कॉर्नेल (स्टीव्ह बुशेमी) स्वतः व्यसनातून बाहेर आलेला आहे, आणि हा तपशील इतिहासाला धरून आहे. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी १९३५ साली ओहायोतल्या ॲक्रनमध्ये अल्कोहोलिक्स अनॉनिमसची (‘ए.ए.’ची) सुरुवात केली, तीच मुळी एका दारुड्याने दुसऱ्याशी बोलण्यातून. पुढे १९५०च्या दशकात मिनेसोटातलं विल्मरचं सरकारी रुग्णालय आणि हेझल्डन केंद्र इथे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ यांच्या जोडीला दारू सोडलेली माणसं समुपदेशक म्हणून उभी राहिली. निवासी उपचाराचा तो नमुना अमेरिकेभर पसरला आणि साधारण चार आठवड्यांचा मुक्काम रूढ झाला. चित्रपटाच्या नावातले २८ दिवस तिथून आले आहेत.

‘ए.ए.’च्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा येणाऱ्याला धक्का बसतो तो तिथल्या हशाचा. चपला हातात घेऊन आपल्याच घरात चोरासारखं शिरल्याची गोष्ट एखादा सांगतो आणि खोली खदखदून हसते, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाने तेच केलेलं असतं. सांगणारा आता सोबर आहे, म्हणून हे हसू क्रूर होत नाही. लाज लपवून ठेवली तर माणूस ती बुडवायला पुन्हा पितो. ती दहा जणांत उघडी केली, की तिचा जोर उतरतो. जॉनी वॉकरच्या विनोदात प्रेक्षक दारुड्याला हसतो, इथे दारुडा आपल्याच जुन्या युक्त्यांना हसतो. केंद्रातली माणसं ‘सांता क्रूझ’ नावाच्या एका रटाळ मालिकेची भक्त होतात आणि घरी निघालेल्या सतरा वर्षांच्या अँड्रियासाठी तिचा एक प्रसंग स्वतः बसवून करून दाखवतात, तेव्हा चित्रपट या हशाच्या अगदी जवळ जातो.

हेरॉइनच्या विळख्यातली अँड्रिया जाण्याआधीच जादा मात्रेने मरते. इथे विनोदाने पळ काढलेला नाही. काही काळ नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीची मात्रा जीव घेऊ शकते. ‘आता मी बरी आहे’ असं वाटण्याचे दिवसच धोक्याचे असतात. केंद्राबाहेरच्या जगाची अँड्रियाला वाटणारी भीतीही खरी आहे.

चित्रपट कमी पडतो तो वैद्यकीय बाजूला. अनेक वर्षं भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही ओढवतो. म्हणून विड्रॉवलच्या, म्हणजे दारू सुटतानाच्या काळात डॉक्टर, शामक औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व लागतं. ग्वेनची तडफड पडद्यावर दिसते, पण लवकर आटोपते. ‘घरीच कोंडून ठेवू, चार दिवसांत सुटेल’ म्हणणारी कुटुंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना या चित्रपटातून चुकीचा धीर मिळू शकतो.

दुसरी उणीव २९व्या दिवसाची. पुन्हा पिणं सुरू होण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो आणि चित्रपट तिथेच संपत येतो. आपल्या नाटककार गडकऱ्यांना हे नेमकं कळलं होतं. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ प्रेक्षकांना पोट धरून हसवतात, पण सुधाकर दारू सोडून काम मागायला जातो तेव्हा प्रतिष्ठित लोक त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दारू सोडलेल्या माणसाला समाजात परत जागा लागते, हे मराठी प्रेक्षकाने शंभर वर्षांपूर्वी पाहिलं आहे. ती जागा देण्याचं काम पुण्यात डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणने मनावर घेतलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यामागे उभे होते. येणाऱ्याला तिथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात आणि त्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालतो.

केंद्राबाहेरच्या काळाला जेम्स पॉनसोल्टचा ‘स्मॅश्ड’ (२०१२) अधिक भिडतो. शाळेतली शिक्षिका केट वर्गात मुलांसमोर ओकते आणि मुलांनी विचारल्यावर गरोदर असल्याचं खोटं सांगते. त्या एका थापेतून आधी गंमत होते, मग फजिती, मग नोकरीवर गदा. ती दारू सोडते, पण नवरा पीतच राहतो आणि दोघांना बांधून ठेवणारी गोष्ट दारूच होती हे उघड होतं. यात हसायला जागा आहे आणि ते हसू गळ्यात अडकतं.

मराठीत असा चित्रपट व्हावा, असं मला मनापासून वाटतं. साहित्य आपल्या घराघरांत पडलं आहे. वरातीत ‘एक घोट घे रे, काही होत नाही’ म्हणणारे मामा, थंड पेयाचा ग्लास हातात मिरवत निभावलेली कंपनीची पार्टी, पगाराच्या दिवशी नेहमीचा बार चुकवायला घेतलेला लांबचा वळसा, नवरा वेळेवर घरी आला म्हणून घाबरून त्याच्या तोंडाचा वास घेणारी बायको. लिहिणाऱ्याने आधी एखाद्या ‘ए.ए.’च्या खुल्या मीटिंगला जावं. तिथे पाहुण्यांचं स्वागत असतं, आणि पटकथेचे निम्मे संवाद ऐकायला मिळतील.